अच्छा, पाहून राहिलो

एकदा झालेली नोंद पुसता येत नाही, आणि पुसता येत नाही म्हणूनच माणसं जपून वागतात. आमच्या धंद्याचा सगळा डोलारा या श्रद्धेवर उभा आहे. माझीही तिच्यावर निष्ठा आहे, कारण दर महिन्याचा पगार तिच्यामुळेच येतो. तिचा प्रत्यक्ष अनुभव मात्र मला जबलपुरात, घरच्या जेवणाच्या टेबलावर आला. तो काहीसा वेगळा निघाला.

आधी धंदा सांगतो. संगणक ज्या मूळ प्रणालीवर चालतो तिच्या अगदी आतल्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. फाइल उघडायची असो, पुसायची असो, कुणाचा पासवर्ड बदलायचा असो, प्रत्येक प्रोग्रामला कर्नेलपुढे जाऊन परवानगी मागावी लागते. बँका, इस्पितळं, सरकारी खाती अशा ठिकाणी या मागण्यांची नोंद ठेवावी लागते: कोणी मागितलं, काय मागितलं, मिळालं की नाही. ही नोंद ठेवणाऱ्या भागाला ऑडिट म्हणतात. त्या भागात कुणी बदल सुचवला, की तो ओळीनओळ वाचायचा आणि त्यात खोट असेल तर सांगायची, हे माझं काम. आमचा कर्नेल खुला आहे. जगभरातले लोक बदल पाठवतात, चर्चा सगळी एका सार्वजनिक मेल-यादीवर, सगळ्यांच्या देखत होते.

प्रत्येक बदलाच्या खाली काही ओळी असतात. कोणी लिहिला, कोणी चालवून पाहिला, कोणी तपासला. यातली तपासणाऱ्याची ओळ ज्याची त्यानेच द्यायची असते. दुसऱ्याच्या नावाने ती कुणी लिहीत नाही. याला कायदा नाही, स्टँपपेपर नाही, नुसती लाज आहे, आणि आश्चर्य म्हणजे इतकी वर्षं ती पुरली. त्या जगातल्या कोणी माझा चेहरा पाहिलेला नाही. मी जबलपूरला बसतो की जपानला, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांच्या लेखी मी म्हणजे त्या ओळीतलं नाव. ते ज्या बदलाखाली असतं तो डोळे मिटून घ्यावा इतपत पत त्याला आली आहे, आणि माझ्यापाशी दुसरी पत नाही.

नावाचंही एक प्रकरण आहे. आमचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले असं घरात सांगतात. चाकरी काय केली ते मात्र कोणी सांगत नाही. आडनाव शेवटी 'कर' लागणारं, साधं. पण शाळेत नाव घालताना तिथल्या बाबूने इंग्रजीत 'कर'चं 'केर' केलं. मराठीत केर कशाला म्हणतात हे बाबूला माहीत नव्हतं, आणि माझ्या वडिलांना बाबूशी वाद घालायचा नव्हता. पुढे गुणपत्रिका, बँक, पासपोर्ट, नोकरी, सगळीकडे केरच गेला. जबलपुरात अशी बरीच मराठी घरं आहेत, त्यामुळे इथे कुणाला काही वाटत नाही.

पुण्यात वाटतं. आमच्या कंपनीचे प्रमुख आर्किटेक्ट पुण्याला असतात. वीट रचलेली मी पाहिली नाही, पण पद तसं आहे. पहिल्याच भेटीत, म्हणजे पडद्यावरच्या, त्यांनी माझं नाव वाचलं आणि म्हणाले की तुमचं स्पेलिंग चुकलेलं आहे. मी म्हटलं, ते पासपोर्टवर आहे. त्यावर ते हसले आणि पासपोर्ट दुरुस्त करून मिळतो, अशी माहिती त्यांनी दिली.

या गृहस्थांनी ऑडिटमध्ये एक बदल केला. बदल छोटा होता, त्याची प्रस्तावना मोठी होती. उत्तरदायित्वाची नवी पहाट, विश्वासाची पुनर्रचना असले शब्द त्यात होते. लग्नपत्रिकेच्या वर गणपती असतो तसे. मूळ गोष्ट अशी होती की नोंदी फार झाल्या की त्यांची रांग तुंबते. रांग तुंबली की ज्या प्रोग्रामने काही मागितलं असेल त्याला आपली नोंद होईपर्यंत ताटकळत उभं राहावं लागतं. एका बड्या गिऱ्हाइकाची यंत्रं त्यामुळे मंदावत होती. आर्किटेक्टांचं म्हणणं, ताटकळायला नको. रांग भरली असेल तर ती नोंद सोडून द्यावी आणि पुढे जावं. बदल पाठवायच्या आधी त्यांनी मला चॅटवर निरोप टाकला. मराठीत टाकला, हे विशेष. "जरा नजर टाका ना. याच आठवड्यात जायला हवंय."

मीही मग मराठीत उत्तर दिलं. "अच्छा. पाहून राहिलो."

आणि खरंच पाहत होतो. पाहता पाहता एका ठिकाणी अडकलो. नोंदी सोडून देण्याबद्दल वाद होऊ शकतो, पण ते अगदीच अमान्य करण्यासारखं नाही. मात्र एक नियम पूर्वीपासून आहे: नोंद सोडली तर सोडलेल्या नोंदींचा आकडा एकाने वाढवायचा. म्हणजे नंतर तपासायला येणाऱ्याला निदान कळतं की इथे काहीतरी गहाळ आहे. आर्किटेक्टांच्या बदलात परत फिरायची ओळ वर होती आणि आकडा वाढवायची ओळ तिच्या खाली. वरूनच परत फिरल्यावर खाली कोण जाणार? म्हणजे नोंद हरवायची, आणि हरवल्याची नोंदही हरवायची. चोराने आधी शंभर फालतू कामं करून रांग तुंबवायची, मग निवांतपणे घर साफ करायचं. वही अगदी कोरी आणि आकडा शून्य. उत्तरदायित्वाची नवी पहाट ती हीच.

हे सगळं मी उदाहरणांसह, सौम्य भाषेत लिहायला घेतलं. सौम्य भाषेला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज सार्वजनिक यादीवरचे मेल चाळले, तर तो बदल तिथे आलेलाच होता. खोट तशीच, प्रस्तावना आणखी वाढलेली. आणि खाली ओळ: तपासला, आणि पुढे माझं नाव.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. बदलाखाली ज्याचं नाव असतं त्याला त्या मेलची एक प्रत आपोआप जाते. मला आली नव्हती. पण स्वतःचं नाव नको तिथे पाहिल्यावर माणूस टपालाचा विचार करत नाही. मी सरळ फोन लावला.

आर्किटेक्ट प्रसन्न होते. मी विचारलं की माझं नाव तिथे कोणी घातलं. म्हणाले, मीच.

"मी कुठे तपासला म्हणालो?"

"अहो, तुम्हीच लिहिलंत. 'अच्छा, पाहून राहिलो.' माझ्यासमोर आहे ते."

"मग?"

"मग काय? अच्छा म्हणजे चांगला आहे. पाहून राहिलो म्हणजे पाहून झाला, आता तुमच्यासाठी थांबलोय. मी तरी तसंच वाचलं. कुणीही तसंच वाचेल."

आमच्याकडे 'पाहून राहिलो' म्हणजे पाहतो आहे, अजून पाहणं चालू आहे, संपलेलं नाही. आणि 'अच्छा' म्हणजे ऐकलं, कळलं, बरं, हं, फार तर फोन ठेवू का आता. चांगलं या अर्थाने आम्ही तो शब्द वापरतच नाही म्हटलं तरी चालेल. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते एखादी आदिवासी चाल ऐकावी तसं कौतुकाने ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गोड आहे हो तुमची मराठी. पण काय होतं, प्रमाण भाषेत लिहिलं की असे घोळ होत नाहीत."

हेच गृहस्थ कंपनीच्या गेल्या संमेलनात जेवणाच्या टेबलावर 'काहून बे' म्हणून लोकांना हसवत होते. तेव्हा त्यांना आमची मराठी चांगलीच कळत होती. त्यांना खरोखरच घोळ झाला, की सोयीचा घोळ झाला, हे मला आजही ठाऊक नाही. हीच या माणसाची ताकद आहे.

मी खोट सांगितली. त्यांनी ती मान्यही केली, पण त्याला 'पुढच्या टप्प्यातली सुधारणा' असं नाव दिलं. मी म्हटलं की मग माझं नाव काढा, तुम्हीच यादीवर लिहा की चुकून पडलं. त्यावर त्यांचा आवाज एकदम संस्थेचा झाला. एकाच कंपनीतल्या दोन माणसांनी जगासमोर भांडणं बरं दिसेल का, असं त्यांनी विचारलं. शेवटी तोडगाही सुचवला.

"त्यापेक्षा तुम्ही आता तपासून टाका ना. नाव तर आहेच."

मी फोन ठेवला. बायको शाळेत हिंदी शिकवते. त्या दिवशी सुटी होती म्हणून ती समोर मेथी निवडत बसली होती आणि फोनची माझी बाजू तिने ऐकली होती. उरलेली मी सांगितली. शांतपणे ऐकून ती म्हणाली, "पण तुम्ही त्यांना मराठीत काहून लिहिलं?"

मी म्हटलं, त्यांनी मराठीत विचारलं म्हणून.

"ते त्यांची मराठी बोलून राहिले होते. तुम्ही आपली बोलले." मेथीची एक काडी तिने बाजूला टाकली. "दोन्ही मराठीच, असं तुम्हाला वाटून राहिलं होतं."

आता उपाय एकच होता. कर्नेलचा तो भाग सांभाळणारे गृहस्थ दूर परदेशात असतात. त्यांनी बदल आपल्या मुख्य साठ्यात घेतला की तो इतिहास होतो. त्यातली ओळ मग त्यांनाही बदलता येत नाही, कारण पुढचं सगळं तिच्यावर रचलं जातं. त्याआधी त्यांना उघडपणे लिहायला हवं होतं, की ही ओळ मी दिलेली नाही, काढून टाका, आणि बदलात अशी अशी खोट आहे.

खोट सांगणं सोपं होतं. पहिला भाग जमेना. ओळ दिली नाही तर ती आली कुठून, हा प्रश्न त्यांना पडणारच. पहिल्या मसुद्यात मी विदर्भ आणि त्याच्या पलीकडच्या मराठीत 'राहणे' या क्रियापदाचा अपूर्ण वर्तमानकाळासाठी होणारा उपयोग समजावून सांगितला. वाचून पाहिलं तर ऑडिटच्या यादीवर कुणी प्रबंध पाठवल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या मसुद्यात गैरसमज एवढंच लिहिलं. ते वाचून असं वाटे की मी हो म्हटलं होतं आणि आता घाबरून मागे फिरतो आहे. तिसऱ्यात आर्किटेक्टांवर सरळ आरोप होता. तो सगळ्यात चांगला उतरला होता, म्हणून काढून टाकला. शेवटी दोनच वाक्यं ठेवली आणि पाठवायचं बटण दाबलं.

मग बायकोबरोबर कमानिया गेटच्या बाजारात गेलो. तिच्या भाचीच्या लग्नासाठी भांडी घ्यायची होती आणि मी आधी दोनदा टाळलं होतं. तिथल्या गर्दीत स्कूटर लावायला जागा शोधताना, मग पितळ चांगलं की स्टील यावर दुकानदाराचं व्याख्यान ऐकताना मला बरं वाटत होतं. नाव सोडवलं होतं. आर्किटेक्टांचा चेहरा डोळ्यांसमोर आणून मी एक परात जास्तच घेतली.

परत आलो तर गल्लीच्या तोंडाशी नालीसाठी खणलेला खड्डा, खड्ड्यात तुटलेली केबल, आणि काठावर चहा पिणारा एक माणूस. मी विचारलं नेट कधीपासून बंद आहे. "सुबह से, भैया," तो म्हणाला. "शाम तक हो जाएगा।"

संध्याकाळ झालेलीच होती.

वर जाऊन पाहिलं. मेल बाहेर पडलेलाच नव्हता. पाठवायच्या मेलांच्या खणात तो निमूट बसून होता, आणि प्रोग्रामने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. सोडून द्यावं आणि सांगूही नये, ही नवी पहाट माझ्या घरापर्यंत आलीच होती. पत्र पाठवायचं राहिलं होतं. या 'राहिलं'चा अर्थ पुण्यात आणि जबलपुरात एकच होतो.

मोबाइलचं नेट जोडून तो पाठवला. त्याच्या आधीच उत्तर यादीवर येऊन पडलं होतं, पण ते मला नव्हतं, आर्किटेक्टांना होतं: बदल घेतला, धन्यवाद. सांभाळणाऱ्या गृहस्थांनी पुढे एक ओळ जोडली होती. या भागात ते स्वतः बरंच खोलात जाणार होते, पण खालचं नाव पाहून गेले नाहीत.

ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी यादीवर लिहिलेलं ते सर्वात चांगलं वाक्य आहे.

माझ्या मेलला त्यांनी सभ्यपणे उत्तर दिलं. खोट खरी आहे, ओळीबद्दल खेद आहे, पण आता इतिहास बदलता येत नाही; कृपया दुरुस्ती पाठवा. दुरुस्ती एका ओळीची होती, खालची ओळ वर नेणं, बस. ती मी पाठवली, त्यांनी घेतली. नियमाप्रमाणे त्या दुरुस्तीत मूळ चुकीचा उल्लेख करावा लागतो. त्यामुळे आता जो कोणी शोधेल त्याला दिसेल, की अमुक बदलात मोठी खोट होती, ती अमुक माणसाने तपासून पास केली होती.

आर्किटेक्टांनी पुढच्या आठवड्यात कंपनीभर एक सादरीकरण केलं. त्यात सूर्योदयाचं चित्र होतं. त्यांचा बदल 'कठोर अंतर्गत तपासणीनंतर' स्वीकारला गेल्याचं त्यांनी सांगितलं आणि पडद्यावर माझा फोटो दाखवला. लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइक चालू केला. सांगावं, इथे सगळ्यांना सांगावं, असं मनात आलं. मग वाटलं, सांगायचं म्हणजे पुन्हा 'राहणे' या क्रियापदापासून सुरुवात करायची. तोंडातून निघालं, "अच्छा." आर्किटेक्ट म्हणाले, "बघा, अजूनही चांगलाच म्हणतायत," आणि पुणे हसलं.

त्या संध्याकाळी माझं जेवणात लक्ष नव्हतं. बायको म्हणाली, दाखवा तरी मला ती ओळ, इतके दिवस ऐकून राहिले आहे. मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. मुलांच्या वह्या तपासताना करते तशी ती बोट खाली धरून वाचायला लागली. एका ठिकाणी बोट थांबलं.

"हे कोण?"

"मी."

"नाही," ती म्हणाली. "इथे कर लिहिलंय. तुम्ही केर."

मी चष्मा लावून पाहिलं. आर्किटेक्टांनी नाव हाताने टंकलं होतं आणि टंकताना दुरुस्त केलं होतं. इंग्रजी 'ई'च्या जागी इंग्रजी 'ए'. नुसत्या नावात नाही, नावापुढच्या मेलच्या पत्त्यातही. मला प्रत का आली नाही ते तेव्हा कळलं. ती ओळ मी इतक्या वेळा वाचली होती, सांभाळणाऱ्यांनी वाचली होती, तिच्यावर विसंबून बदल घेतला होता, आणि एक अक्षर कुणीच वाचलं नव्हतं. मीही नाही, आणि वाचणं हा माझा धंदा आहे.

बायकोने विचारलं, "मग आता हे चांगलं झालं की वाईट?"

इतिहासात माझं नाव शोधलं तर दुरुस्ती सापडते, चूक सापडत नाही. चूक पास करणारा माणूस वेगळा आहे. शुद्ध मराठी आडनावाचा, कायमचा नोंदलेला. खात्री करावी म्हणून मी त्याला त्याच्या पत्त्यावर एक मेल टाकला. तो लगेच परत आला. खाली लिहिलं होतं की असा कुणी माणूस इथे नाही.